हुकमाचा कर्ता आणि साक्षीची भाषा

१० मे २०१३ रोजी ग्वातेमालाच्या राजधानीतील एका न्यायपीठाने त्या देशाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल एफ्राईन रिओस माँट यांना वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या दोन आरोपांखाली दोषी ठरविले. पहिल्या आरोपासाठी ५० वर्षे आणि दुसऱ्यासाठी ३० वर्षे, अशी एकूण ८० वर्षांच्या कारावासाची शिक्षा न्यायाधीश याश्मीन बार्रियोस यांनी वाचून दाखविली तेव्हा जनरल ८६ वर्षांचे होते. न्यायालयात ईशील आदिवासी मोठ्या संख्येने उपस्थित होते. ज्यांच्या साक्षीवर हा निकाल उभा होता तेच आता तो ऐकत होते. अवघ्या दहा दिवसांनी, २० मे रोजी, तेथील घटना-न्यायालयाने कार्यपद्धतीतील दोषाचे कारण देऊन तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने तो निकाल रद्द केला.

या खटल्याविषयी कायद्याच्या आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने त्याकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर असे की, सेनापतीला जबाबदार धरणे ही जितकी पुराव्याची गोष्ट आहे तितकीच ती वाक्यरचनेची आहे. हुकूम देणारा आणि त्या हुकमाने मेलेला यांच्यामध्ये कागदपत्रांचे, हुद्द्यांचे आणि परिभाषेचे दाट रान माजलेले असते आणि त्या रानात क्रियापदाचा कर्ता हरवतो. त्याला शोधून पुन्हा वाक्यात आणून बसविण्याचे काम नेबाख, चाहूल आणि कोत्साल या तीन गावांच्या परिसरातील सामान्य माणसांनी आपल्या भाषेत केले. साक्षकथनाला साहित्यप्रकार म्हणून गौरविणाऱ्या समीक्षेने या कामाचे मोल पुरतेपणी ओळखलेले नाही. साक्षीदार कशासाठी बोलावयास आला होता, याचाच तिला बहुधा विसर पडतो.

प्रथम घटनाक्रम पाहावा. ग्वातेमालातील यादवी १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षे चालली. तिच्या अखेरीस झालेल्या शांतता-प्रक्रियेतून नेमल्या गेलेल्या सत्यशोधन आयोगाने फेब्रुवारी १९९९ मध्ये आपला अहवाल सादर केला. मृत आणि बेपत्ता मिळून बळींची संख्या २ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आयोगाने दिला. ज्यांची पूर्ण ओळख पटली त्या बळींपैकी ८३ टक्के माया आदिवासी होते. नोंदविल्या गेलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्क्यांची जबाबदारी शासनाची सैन्यदले आणि त्यांच्याशी संलग्न निमलष्करी गट यांच्यावर, तर ३ टक्क्यांची गनिमी बंडखोरांवर आयोगाने टाकली. शासकीय दलांनी केलेल्या ६२६ कत्तलींची नोंद याच अहवालात आहे.

या दीर्घ काळातील सर्वांत भीषण कालखंडात रिओस माँट यांची कारकीर्द मोडते. २३ मार्च १९८२ रोजी लष्करी उठावातून ते सत्तेवर आले आणि ८ ऑगस्ट १९८३ रोजी त्यांच्याच संरक्षणमंत्र्याने त्यांना पदच्युत केले. या सुमारे १७ महिन्यांत किचे प्रांतातील ईशील प्रदेशात दग्धभू नीती राबविली गेली. गनीम हा मासा आणि जनता हे पाणी, ही उपमा गनिमी युद्धाच्या वाङ्मयात जुनी आहे. बंडविरोधी मोहिमेने तिचा एवढाच अर्थ घेतला की मासा हाती लागत नसेल तर तळेच आटवावे. घरे आणि उभी मक्याची पिके जाळली गेली, जनावरे मारली गेली, डोंगरात पळालेल्यांचा पाठलाग झाला. जे शरण आले त्यांना लष्करी पहाऱ्यातील ‘आदर्श गावां’त वसविण्यात आले आणि पुरुषांना सक्तीने नागरी गस्तीवर जुंपण्यात आले. ‘बंदुका आणि घेवडा’ हे या धोरणाचे सरकारमान्य घोषवाक्य होते : साथ देईल त्याला अन्न, न देईल त्याला गोळी. ईशील प्रदेशातील ७० ते ९० टक्के वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, असे आयोगाने म्हटले आहे.

आता जबाबदारीचा प्रश्न. ज्याने चाप ओढला त्याला दोषी ठरविणे तात्त्विकदृष्ट्या सोपे असते. डिसेंबर १९८२ मध्ये दोस एर्रेस या गावात ‘कैबील’ या विशेष सैनिकी पथकाने सुमारे २०० माणसे मारली. त्याबद्दल ऑगस्ट २०११ मध्ये चार माजी सैनिकांना, प्रत्येक मृत्यूमागे ३० वर्षे या हिशेबाने, प्रत्येकी ६ हजारांहून अधिक वर्षांची शिक्षा झाली. आकडा अशक्य वाटतो, पण त्याची बेरीज स्पष्ट आहे : इतके मृत, इतकी वर्षे. सेनापतीच्या बाबतीत मात्र अशी बेरीज मांडता येत नाही. तो गावात गेलेला नसतो. त्याच्या हाताला रक्त लागलेले नसते. त्याने फक्त एक कागद संमत केलेला असतो.

सेनापतीच्या उत्तरदायित्वाचे तत्त्व या अडचणीतूनच जन्मले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी सेनापती यामाशिता यांच्यावर मनिला येथे अमेरिकन लष्करी आयोगापुढे खटला चालला आणि १९४६ साली त्यांना फाशी देण्यात आले. परंतु हाताखालच्या सैन्याचे अत्याचार सेनापतीला ठाऊक होते की नाही, हे सिद्ध न करताच शिक्षा दिली जात आहे, अशी टीका अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींनी भिन्नमतपत्रांत केली होती. ती टीका पुढील काळाने मनावर घेतली. १९९८ च्या रोम संविधीतील २८ वे कलम सेनापतीला जबाबदार धरताना तीन गोष्टी तपासते : सैन्य त्याच्या प्रत्यक्ष नियंत्रणाखाली होते काय, गुन्हे घडत आहेत हे त्याला ठाऊक होते किंवा ठाऊक असावयास हवे होते काय, आणि ते थांबविण्यासाठी शक्य ते सर्व त्याने केले काय. नियंत्रण, ज्ञान आणि निष्क्रियता ही ती त्रयी होय. यांपैकी एकही गोष्ट रणभूमीवर डोळ्यांना दिसत नाही. तिन्ही गोष्टी भाषेतूनच सिद्ध कराव्या लागतात.

आणि नेमकी ही भाषाच निसरडी असते. लष्करी योजना आणि अहवाल यांच्या गद्यात, ते कोणत्याही देशाचे असोत, माणसे क्वचितच येतात. तेथे ‘क्षेत्र’ असते, ‘उपद्रवी घटक’ असतात, ‘सफाई’ असते. क्रियापदे अशी निवडलेली असतात की कर्त्याची गरजच भासू नये. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. ‘जमाव पांगविण्यात आला’, ‘गाव रिकामे करण्यात आले’ अशी वाक्ये तो रोज वाचतो. ‘चकमकीत तिघे ठार झाले’ या वाक्यात तर मराठीने एक पाऊल पुढे टाकले आहे. ‘ठार केले’ म्हटले तर कोणी केले हा प्रश्न उभा राहतो. ‘ठार झाले’ म्हटले की मरण पाऊस पडावा तसे आपोआप घडून जाते. कर्मणी प्रयोगात कर्ता निदान दडलेला असतो. येथे तो मुळातच नाही. व्याकरणातील ही सोय राज्यकर्त्यांना फार उपयोगी पडते.

रिओस माँट यांच्या खटल्यात या सोयीला छेद देणारी एक विलक्षण गोष्ट घडली. १९८२ साली, सत्तेवर असताना, त्यांनी अमेरिकन चित्रपटकर्त्या पामेला येट्स यांना मुलाखत दिली होती. सैन्याकडून दडपशाही होत असल्याचा त्यांनी इन्कार केला आणि सैन्याची हुकमाची साखळी किती पक्की आहे हे अभिमानाने सांगितले. सैन्य आपल्या ताब्यात नसेल तर आपण या पदावर बसलो तरी कशाला, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या वेळी काढले. हे चित्रण सुमारे तीन दशकांनंतर न्यायालयात पुरावा म्हणून दाखविण्यात आले. ९ मे २०१३ रोजी, निकालाच्या आदल्या दिवशी, जनरल स्वतः बोलावयास उभे राहिले. आपण राष्ट्रप्रमुख होतो, कोणत्याही वंशाविरुद्ध हुकूम आपण कधी दिला नाही आणि मोहिमांची जबाबदारी त्या त्या विभागाच्या अधिकाऱ्यांची होती, असा त्यांचा बचाव होता. एकाच माणसाची ही दोन निवेदने शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात ‘मी’ हा कर्ता ठणठणीत उभा आहे, कारण तेथे सत्तेचे श्रेय घ्यावयाचे आहे. दुसऱ्यात तो विरून गेला आहे, कारण आता हिशेब द्यावयाचा आहे. घडत होते ते सर्व त्यांना ठाऊक होते आणि थांबविण्याची शक्ती असूनही त्यांनी ते थांबविले नाही, हा न्यायपीठाचा निष्कर्ष म्हणजे हरवलेल्या कर्त्याची पुनःस्थापना होती.

परंतु या दोन निवेदनांनी नियंत्रण सिद्ध झाले तरी गुन्हा सिद्ध होत नाही. तो ईशील साक्षीदारांनी सिद्ध केला. नव्वदहून अधिक साक्षीदार न्यायपीठापुढे आले. त्यांतील बहुतेकांनी ईशील भाषेत साक्ष दिली आणि दुभाष्यांनी ती स्पॅनिशमध्ये आणली. ज्या भाषेला राज्यकारभारात जवळजवळ स्थान नव्हते, जिचे बोलणारे सैन्याच्या लेखी ‘अंतर्गत शत्रू’ ठरले होते, ती भाषा राजधानीतील न्यायालयात दिवसेंदिवस ऐकली गेली. कोणते गाव, कोणता ओढा, कोणाचे घर आधी पेटले, डोंगरात उपासमारीने कोणते मूल दगावले, हे तपशील साक्षीदारांनी सांगितले. बायकांनी सैनिकांनी केलेल्या बलात्कारांविषयी सांगितले. उत्खननात सापडलेल्या अस्थी आणि संख्याशास्त्रज्ञांची गणिते यांनी या साक्षींना दुजोरा दिला. त्या काळात त्या प्रदेशात सैन्याकडून मारले जाण्याचे आदिवासींमधील प्रमाण इतरांच्या सुमारे आठपट होते, असे तज्ज्ञाने दाखविले. किमान १७७१ ईशील माणसांच्या हत्या आरोपपत्रात होत्या. लष्करी कागदात जे ‘क्षेत्र’ होते त्याला साक्षींनी गावाचे नाव दिले, आणि ‘घटक’ होता त्याला बाप, बहीण, शेजारी केले.

तौलनिक साहित्याच्या क्षेत्रात या प्रकारच्या कथनाला ‘तेस्तिमोनिओ’ हे स्पॅनिश नाव रूढ आहे, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ग्वातेमालाचेच आहे. किचे समाजातील रिगोबेर्ता मेंचू यांनी १९८२ साली पॅरिसमध्ये एलिसाबेथ बुर्गोस यांना सांगितलेले आत्मवृत्त १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९२ साली मेंचू यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९९९ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड स्टोल यांनी त्यातील काही तपशील मेंचू यांनी स्वतः पाहिलेले नव्हते असे दाखविले आणि विद्यापीठांतून मोठा वाद पेटला. साक्षकथनातील ‘मी’ एका व्यक्तीचा की समूहाचा, यावर ग्रंथ लिहिले गेले. ही चर्चा निरर्थक होती असे नाही. पण याच वर्षाच्या अखेरीस मेंचू यांनी स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयात रिओस माँट व अन्य अधिकाऱ्यांविरुद्ध फिर्याद दाखल केली, ही गोष्ट साहित्यचर्चेत फारशी उमटली नाही. समीक्षक कथनाची विश्वासार्हता तोलत होते. कथन करणारी बाई आरोपी शोधत होती. दलित आत्मकथनांच्या बाबतीत मराठी समीक्षेनेही अनुभवाची अस्सलता आणि कलात्मकता यांवर जेवढी शाई खर्च केली तेवढी त्यांतील आरोपाच्या विषयावर केली नाही, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

या निकालाविरुद्धचे आक्षेपही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, गनिमांनीही हत्या केल्या आणि सैन्य एका खऱ्या बंडाशी लढत होते. हे खरे आहे, आणि सत्यशोधन आयोगाने तो वाटा मोजलाही आहे. परंतु बंड खरे होते म्हणून तान्ह्या मुलाची हत्या लष्करी गरज ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तीस वर्षांनंतर, बदललेल्या राजकीय हवेत, एका वृद्धाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय की सूड? याचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे. हा गृहस्थ मधल्या काळात अज्ञातवासात नव्हता. त्याने पक्ष काढला, तो विधिमंडळाचा अध्यक्ष झाला, आणि सदस्यत्वामुळे मिळणारे संरक्षण जानेवारी २०१२ मध्ये संपले तेव्हाच त्याच्यावर खटला भरता आला. उशीर फिर्यादींनी केला नव्हता. तिसरा आक्षेप कार्यपद्धतीचा. आरोपीला, तो कितीही मोठा अपराधी असो, बचावाचा पुरा हक्क मिळालाच पाहिजे, यात दुमत होण्याचे कारण नाही. मात्र त्याच न्यायपीठाने जनरलच्या गुप्तवार्ता-प्रमुखाला पुराव्याअभावी निर्दोष सोडले होते, हेही नोंदविले पाहिजे. सूड घ्यावयास बसलेली माणसे असे करीत नाहीत.

निकाल रद्द झाल्यावर काय उरले? खटला पुन्हा सुरू झाला, अडला, पुन्हा सुरू झाला. स्मृतिभ्रंशामुळे आरोपी शिक्षा भोगण्यास असमर्थ असल्याचे न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केले आणि १ एप्रिल २०१८ रोजी, फेरखटला चालू असतानाच, रिओस माँट मरण पावले. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष म्हणून गेले. मे २०१४ मध्ये ग्वातेमालाच्या विधिमंडळाने वंशसंहार झालाच नाही असा ठराव केला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये फेरखटल्याच्या न्यायपीठाने वंशसंहार झाला असा निष्कर्ष पुन्हा काढला, पण हयात असलेल्या एकमेव आरोपीला, त्या गुप्तवार्ता-प्रमुखालाच, पुन्हा निर्दोष सोडले. गुन्हा सिद्ध, गुन्हेगार कोणीच नाही. ‘ठार झाले’ हे वाक्यच जणू न्यायालयाने मान्य केले. तरीही २०१३ च्या साक्षी वाया गेल्या असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेपूर सार्को येथील लष्करी ठाण्याचा माजी अधिकारी एस्तीलमर रेयेस हिरोन याला केक्ची आदिवासी स्त्रियांना लैंगिक गुलामगिरीत ठेवल्याबद्दल व अन्य गुन्ह्यांबद्दल १२० वर्षांची शिक्षा झाली. शालींनी तोंडे झाकून त्या वृद्ध स्त्रिया न्यायालयात बसून होत्या.

भारतीय वाचकाला या प्रसंगी महाश्वेतादेवींची १९७८ मधील ‘द्रौपदी’ ही बंगाली कथा आठवेल. तिच्यातील सेनानायक अडाणी किंवा क्रूर दिसणारा माणूस नाही. तो वाचणारा आहे, शत्रूच्या मनाचा अभ्यास करणारा आहे. पकडलेल्या आदिवासी स्त्रीविषयीचा त्याचा हुकूम कचेरीच्या वळणाचा आणि तुटक आहे. तो देऊन तो निघून जातो, आणि पुढचे सारे हुकमाच्या आणि त्याच्या दरम्यानच्या रात्रीत घडते. सकाळी ती स्त्री आपल्या विटंबित देहानिशी त्याच्यापुढे येऊन उभी राहते तेव्हा सेनानायकाला त्याच्याच वाक्यातला कर्ता दिसतो. कथेचे सामर्थ्य या समोरासमोर येण्यात आहे. पण त्या कथेत न्यायालय नाही. लेखिकेने ते घातले असते तर कथा खोटी झाली असती. ही उणीव कथेची नाही. ती कथा ज्या वास्तवातून आली त्याची आहे.

ते वास्तव आजही पुरते पालटलेले नाही. सशस्त्र दले (विशेषाधिकार) कायदा, १९५८ याचे ६ वे कलम असे सांगते की त्या कायद्याखाली केलेल्या कृत्याबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून खटला चालविता येत नाही. मणिपुरातील १५२८ कथित बनावट चकमकींविषयीच्या याचिकेवर ८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सैनिकाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप असेल तर फौजदारी चौकशीपासून संपूर्ण संरक्षण कोणालाही नाही. हा निकाल महत्त्वाचा आहे. परंतु ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधील ओटिंगजवळ घरी परतणारे सहा खाणकामगार लष्करी गोळीबारात मारले गेले, राज्याच्या तपास पथकाने ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवले, आणि केंद्राने खटल्यास परवानगी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण, पुढेमागे परवानगी मिळाल्यास मार्ग मोकळा ठेवून, बंद केले. तेथे साक्षीदाराला न्यायालयाची पायरीच चढता आली नाही. ग्वातेमालासारख्या लहान, दरिद्री, युद्धाने पोळलेल्या देशात जे एकदा का होईना शक्य झाले, ते संविधानाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या प्रजासत्ताकात परवानगीच्या एका कागदापाशी अडावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? साहित्य न्यायालयाची जागा घेते, असे म्हणण्याचा मोह त्याला नेहमी होतो. न्याय मिळाला नाही तरी कथा उरली, स्मृती उरली, असे म्हणून तो समाधान पावतो. ईशील साक्षीदारांपुढे हे समाधान लटके ठरते. त्यांना स्मृती कोणी द्यावयास नको होती. ती त्यांच्याजवळ होतीच, आणि तीस वर्षे त्यांनी ती सांभाळली होती. त्यांना हवा होता एक निकाल, ज्यात कर्त्याचे नाव लिहिलेले असेल. तो त्यांना मिळाला आणि दहा दिवसांनी काढून घेतला गेला. अभ्यासकाचे काम यापेक्षा साधे आणि कठीण आहे : हुकमाची भाषा आणि साक्षीची भाषा या दोहोंचे वाचन सारख्याच काटेकोरपणे करावयाचे, अनुवादात साक्षीदाराचा ‘मी’ पुसला जाऊ द्यावयाचा नाही, आणि कोठेही ‘ठार झाले’ असे वाचनात आले की ‘कोणी केले’ हा प्रश्न विचारावयाचा. उत्तर देण्याची जबाबदारी मग न्यायसंस्थेची.